वाघरीची गाठ

म्हसवडच्या पुढं माणगंगेचं पात्र ओलांडलं की डाव्या हाताला बनुबाईची वस्ती लागते. वस्ती हा शब्द आता नावापुरताच उरलाय. एके काळी तिथं दोनशे मेंढरं, सात माणसं आणि तीन कुत्री होती. आता एक पत्र्याचं घर, एक लिंब, चार शेरडं आणि बनुबाई. तिच्या दारात महिन्याकाठी किती माणसं येतात ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात आणि करंगळी उरते: मीटरचा फोटो काढणारा, बीपी बघणारी आशाताई, शेरडांना टोचायला येणारा डॉक्टर, आणि चुकून आलेला एखादा, ज्याला दुसऱ्याच कुणाकडं जायचं असतं. चुकून आलेल्याला बनुबाई चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. पत्ता मात्र चहा झाल्यावर सांगते.

शेजारची धोंडुबाई रोज येते, म्हणून ती मोजायची नाही.

दिवसभर बनुबाई दोरे वळते. भिंतीतल्या खिळ्याला दोऱ्यांचं एक टोक अडकवायचं, दुसरं पायाच्या अंगठ्यात धरायचं, आणि मधल्या मैदानात दहा बोटांनी गाठीशेजारी गाठ बसवत जायचं. पिवळ्या सुती दोऱ्याची गळसरी, बाजूबंद, कंबरपट्टा, पैंजण. मधूनमधून कवड्या आणि पांढरे मणी. हळदीच्या दिवशी हल्लीच्या नवऱ्या हेच घालतात. सोन्याला हळद माखली की ते काढून धूत बसावं लागतं, आणि काढून ठेवलेलं सोनं कुणाच्या पिशवीतून गावाला जाईल ते पाहुणे किती जवळचे आहेत यावर ठरतं. दोऱ्याला तसली भीती नाही.

या कामातली बनुबाईची पहिली नवरी म्हणजे एक शेळी. दोन वर्षांपूर्वी सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला स्वप्नाली माहेरी म्हसवडला आली होती. ती तासगावला बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. घरबसल्या नवऱ्या सजवायचा तिचा उद्योग. बाजारात बनुबाईच्या शेळीच्या गळ्यातला कवड्यांचा पट्टा बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"मावशी, ह्यो पट्टा कुठनं आणला?"

"शेरडासाठी कोण बाजार करतंय, बाई? घरीच वळला."

"आवं, ह्येला शहरात मॅक्रमे म्हणत्यात."

"आमी गोफणीची वीण म्हणतो. तुमच्या शहरात त्यातनं दगड मारत्यात का न्हाई ते मला म्हाईत न्हाई."

स्वप्नालीनं तिथंच शेळीच्या मानेचे चार फोटो काढले. तेव्हापासून तासगावहून दोऱ्याची रिळं येतात आणि म्हसवडहून दागिने जातात. पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, स्टँडवरच्या पानवाल्याकडं ते उतरतं, आणि धोंडुबाई बाजाराला गेली की घेऊन येते. येताना रस्त्यात ती ते दाबून, हुंगून आणि उन्हात धरून बघते, पण फोडत नाही. एवढा तिचा संयम बनुबाईनं मानला पाहिजे, आणि मानतेही.

मापाची रीत बनुबाईनंच घालून दिली. टेपचे आकडे तिला नकोत. नवरीच्या गळ्याभोवती, दंडाभोवती, कमरेभोवती आणि पायाभोवती एकेक दोरा फिरवायचा, जिथं भिडेल तिथं तोडायचा, आणि चारही दोरे एकत्र गुंडाळून पाठवायचे. ते दोरे हातात आले की ती वाचायला बसते. गळ्याचा दोरा काचेल इतका घट्ट असला तर माप आईनं घेतलेलं. आईला लेक बारीकच दिसते. ढगळ असला तर करवलीनं. तिचा एक डोळा फोनमध्ये. कमरेचा दोरा तोडून पुन्हा जोडलेला असला तर नवरीनं मधेच श्वास आत ओढला होता आणि कुणीतरी तिला चोरी करताना पकडलं होतं. नवऱ्या कधी दिसत नाहीत, त्यांचे दोरे दिसतात. बनुबाईला तेवढी सोबत पुरायची. निदान ती तसं म्हणायची.

मार्गशीर्षात एक पाकीट आलं. त्याच्या आधी फोनवर स्वप्नालीचा आवाज येऊन पडला होता.

"मावशी, ह्यो सेट लय जपून करा बरं का. मोठी माणसं हायत. नवरीचा बाप सेलमला गलाईवाला, हितं तासगावात बंगला, द्राक्षबाग. नवरी सोनम, नवरदेव वीरधवल, सांगलीचा. हळद बावीस तारखेला, आमच्या तासगावातच. तुमच्या कामाचा फोटो बघून नवरीच्या आईनं सोता पसंत केलाय. नाव नका घालवू माझं."

बनुबाईनं ते तीनदा ऐकलं. धोंडुबाईनं चौथ्यांदा ऐकवायला लावलं.

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं काम. या भागातली कितीतरी माणसं त्या भट्ट्यांपायी मुलूखभर पांगली आहेत. बनुबाईचा धाकटा दीर नाथाजी त्यातलाच. तो सेलमला. त्याच्या मुलीचं नाव सोनम.

"अगं, सोनम नावाच्या पोरी पैशाला पासरी हायत," धोंडुबाई म्हणाली. "आन् गलाईवालं तर दर घरटी एक. तुझीच कशावरनं?"

"मी कुठं म्हणलं माझी?"

"तोंडावर लिवलंय तुझ्या."

बनुबाईनं पाकीट फोडलं. आत चार दोरे, एकत्र गुंडाळलेले, आणि वरून एक गाठ. ती गाठ बघून बनुबाई खालीच बसली.

ती वाघरीची गाठ होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. रानात चार खुंट्या ठोकायच्या, भोवती वाघर ताणायची, आणि शेवटच्या खुंटीला ही गाठ मारायची. आतून मेंढरांनी कितीही रेटा दिला तरी ती आवळतच जाते. पहाटे मात्र दोरीचं खवलेलं, म्हणजे खोचून ठेवलेलं, शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. गाठ बनुबाईच्या सासूची. पुरुष मेंढरांमागं, वाघर बायकांकडं. त्यामुळं ती गाठ सासूकडून सुनेकडं गेली आणि तिथंच थांबली. नाथाजीला तर स्वतःच्या पायजम्याची नाडी धड बांधता यायची नाही.

"गाठीवर काय नाव लिवलंय व्हय?" धोंडुबाईनं विचारलं.

"लिवलंय. तुला वाचता येत न्हाई."

"मग वाच की."

"ही गाठ जगात दोघींनाच येती. एक मी. आन् एक माझी सोनम."

एक खोट होती, ती बनुबाईच्या नजरेतून सुटली नाही. शेपूट उजवीकडून खवायचं, ते इथं डावीकडून खवलेलं होतं. गाठ बसली होती, पण आरशात बघितल्यासारखी. बनुबाईनं लगेच आठवलं की पोर लहानपणीसुद्धा उलटंच खवायची. खरं तर तिला तसं काही आठवत नव्हतं. पण माणूस एकदा हवं ते उत्तर धरून बसलं की आठवणी मागून मुकाट्यानं चालत येतात, मेंढरांसारख्या.

सोनम दोन वर्षांची असताना नाथाजी आणि त्याची बायको संयोगिता सेलमला गेले. भट्टीच्या धुरात पोर कुठं सांभाळायची म्हणून ती बनुबाईच्या पदरात टाकली. बनुबाईला मूलबाळ नव्हतं. चार वर्षं पोर तिच्या कुशीत झोपली, तिच्याबरोबर मेंढरांमागं फिरली, तिला 'बनाई' म्हणायला लागली. सहाव्या वर्षी तिच्या चिमुकल्या बोटांना वाघरीची गाठ यायला लागली, तेव्हा बनुबाईच्या नवऱ्यानं, बाळासोनं, सगळ्या वस्तीला गूळ वाटला.

संयोगिताला मात्र ती गाठ कधी आली नाही. ती कराडकडची, पाण्यातली, उसातली. लग्न होऊन आली तेव्हा बनुबाईनं चार दिवस शिकवलं आणि पाचव्या दिवशी सगळ्या बायकांत सांगितलं, "आमच्या संयोगिताला गाठ मारायला बसवली तर मेंढरं हसत्यात, आन् हसत हसत भायेर पडत्यात." बायका खूप हसल्या. संयोगिताही हसली. बनुबाईनं ते हसू खरं धरलं.

मग एक दिवस नवराबायको पोरीला न्यायला आले. भट्टी आता स्वतःची झाली होती, तिकडं शाळा बघितली होती. बनुबाईनं पोरीचे कपडे गाठोड्यात बांधले. निजताना मात्र तिनं पोरीचं मनगट स्वतःच्या मनगटाला दोरीनं बांधलं. रानात मुक्काम पडला की ती तसंच बांधायची. पोर झोपेत उठून चालायची. पण त्या दिवशी मुक्काम रानात नव्हता, घरात होता, आणि हे तिलाही कळत होतं. उजाडल्यावर संयोगिता पोरीला उचलायला आली तर पोर निघेना. तिनं गाठ सोडायला घेतली. सुटेना. जितकी ओढली तितकी आवळली. बनुबाई जागी होती. एक शेपूट ओढायचं होतं. तिनं ओढलं नाही. ती नुसती बघत राहिली.

संयोगितानं चुलीमागचा विळा आणला आणि दोरी कापली.

"जलम दिला म्हणून कुणी आई हुत न्हाई," बनुबाई म्हणाली. सगळ्यांसमोर.

हे अठरा वर्षांपूर्वीचं. त्यानंतर जाण्यायेण्याच्या खात्यावर फार नोंदी नाहीत. बाळासो गेला तेव्हा नाथाजी तिसऱ्या दिवशी एकटा आला, खाली मान घालून बसला, संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. तासगावला बंगला झाला हे बनुबाईला धोंडुबाईकडून कळलं, आणि धोंडुबाईला बाजारात. लग्नाचं तर कुणाकडूनच नाही. ते एका पाकिटातून कळलं.

"मग पोरीनं गाठ मारून निरोप धाडलाय म्हण की," धोंडुबाई म्हणाली. चेष्टेत म्हणाली, पण बनुबाईनं ते वाक्य उचललं आणि घरात नेऊन ठेवलं.

निरोपच. दुसरं काय? पोरीनं विणीवरून बनाईचा हात ओळखला असणार. आईच्या धाकानं बोलता येत नसणार. म्हणून गाठ. आता पत्रिका येईल. आई नसेल धाडत, पण पोर धाडेल. फोन तरी करेल. नंबर स्वप्नालीकडं आहेच.

दुसऱ्या दिवशी बनुबाईनं दारापुढचं अंगण शेणानं सारवलं. धोंडुबाई उंबऱ्याशी थबकली.

"आज काय सण हाय?"

"शेरडांनी घाण केली हुती."

"चार वर्षांत आजच केली व्हय शेरडांनी?"

बनुबाईनं दागिने करायला घेतले. असं काम तिनं आजवर कुणासाठी केलं नव्हतं. गाठ इतकी बारीक की दोरा कुठून आला आणि कुठं गेला ते दिसू नये. बाजूबंदाला सासूच्या जुन्या पट्ट्यातल्या कवड्या, घासूनपुसून. हळद लावायला विधवेचा हात चालत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पाच सवाष्णी लागतात, त्यांत तिचा नंबर नव्हता आणि मांडवात बोलावलं तरी मागच्याच खुर्चीत बसायचं होतं. पण विधवेनं वळलेला दोरा चालतो. दोऱ्याला कुणी विचारत नाही. पोरीच्या गळ्याला, दंडाला, कमरेला, पायाला सगळ्या जणींच्या आधी आपला हात लागणार, या विचारानं ती दोनतीनदा खिळ्याकडं बघून एकटीच हसली.

राहिली गळसरीची मागची गाठ. स्वप्नालीचा नियम होता की मागं साधी सरकती गाठ ठेवायची. डोक्यातून घालावी, सरकवून बसवावी, सरकवून काढावी, कुणालाही जमेल अशी. बनुबाईनं तिथं वाघरीची गाठ मारली. शेपूट उजवीकडून, बरोबर. डोक्यातून घालता येईल, ओढून गळ्याशी बसवता येईल. काढता मात्र ज्याला ठाऊक आहे त्यालाच येईल. सोनमच्या बोटांना ठाऊक होतं. गाठीला गाठीनं जबाब. मग पोर विचारणार, ही केली कुणी, आणि मग...

तिथून पुढचं बनुबाई रोज नवं रचायची. एका दिवशी पोर गाडी घेऊन यायची, एका दिवशी फोनवर रडायची, एका दिवशी भर मांडवात आईला म्हणायची, "माझ्या बनाईला आणल्याबिगर मी पाटावर बसायची न्हाई." संयोगिता त्यात कुठं यायचीच नाही, आली तरी खाली मान घालून.

पाकीट गेलं. पत्रिका आली नाही. सतरा तारीख गेली, अठरा गेली. एकोणीसला एक मोटारसायकल वस्तीकडं वळली, तेव्हा बनुबाईनं धावत जाऊन चुलीवर आधण ठेवलं. माणूस पलीकडच्या भाऊसोच्या वस्तीला निघाला होता. त्या दिवशी तिनं चहाच्या आधीच पत्ता सांगितला.

"पत्रिका काय आता फोनवर बी येत्यात म्हणं," धोंडुबाई म्हणाली.

बनुबाईनं फोन पुढं केला. "बघ आली का."

धोंडुबाईला वाचता येत नव्हतं, पण तिनं बराच वेळ बघितलं. "रेंज नसंल," ती म्हणाली. तिच्या आयुष्यातल्या मोजक्या दयाळू वाक्यांपैकी ते एक.

बावीस तारखेला बनुबाईनं शेरडं बाहेर सोडलीच नाहीत. फोन खिडकीत ठेवला, तिथं रेंज बरी येते. स्वतः खाली बसून मणी निवडत राहिली; निवडलेले मणी पुन्हा एकत्र करून पुन्हा निवडले. दुपार कलली. चार वाजून गेले आणि फोन वाजला.

"मावशी!" स्वप्नालीचा आवाज चढलेला, मागं वाजंत्री. "आवं काय करून ठिवलंय ह्ये? ती गळसरी निघना झालीया!"

"कशी निघंल?" बनुबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "नवरीला सांग, तिला ठावं हाय."

"काय ठावं हाय? नवरीच रडायला लागलीया! हळदीनं दोरा भिजलाय, जितकं ओढावं तितकं आवळतंय. पाच बायका लागल्या. साधी गाठ मारायची म्हणून सांगितलं हुतं न्हवं तुमाला?"

"नवरीला म्हणावं, शेपूट—"

पण स्वप्नालीनं फोन कानापासून लांब धरला असावा. कालवा ऐकू आला, कुणीतरी 'ओढू नका गं' म्हणत होतं. आणि त्या सगळ्यात एक स्वच्छ, शहरी, त्रासलेला आवाज.

"मम्मी, काय बघत बसलीयेस? काप ना ते! कात्री आण आणि कापून टाक!"

अठरा वर्षांनी ऐकलेला आवाज, पण बनुबाईला कुणी सांगायला लागलं नाही. ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. पोरीच्या बोटांना काही ठाऊक नव्हतं. विसरली, असंही म्हणता येत नव्हतं. विसरायला काहीतरी असावं लागतं.

"आणली कात्री," स्वप्नाली फोनजवळ येऊन म्हणाली. "आता नवरीची आई कापतीया. सगळा सेट वाया. मावशी, तुमी काय केलं ह्ये... थांबा. थांबा, थांबा." मागं काहीतरी खणकन पडलं. "सुटली."

"कापली?"

"न्हाई वो. कात्री टाकली त्यांनी खाली. मागं बघितलं, काय तरी धरून वढलं, आन् झटक्यात सुटली. आमी पाच जणी येड्यावानी बघत हुतो." स्वप्नालीनं आवाज खाली आणला. "मावशी, त्या फोन मागत्यात. जरा गोड बोला हं, बिल ऱ्हायलंय."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. वाजंत्री हळूहळू लांब गेली. एक दार लागलं.

"आक्का," पलीकडून आवाज आला. "मी संयोगिता."

बनुबाईच्या मनात जी वाक्यं तयार होती ती सगळी दुसऱ्या माणसासाठी होती.

"तुला कवा यायला लागली ती गाठ?" तिनं विचारलं.

"सेलमात."

"सेलमात कुणी शिकवली?"

"कुणी न्हाई. त्या दिवशी कापलेली दोरी माझ्याच हातात ऱ्हायली हुती. तशीच पिशवीत गेली. गाठ साबूत हुती तिच्यावरची." संयोगिता सावकाश बोलत होती. "तिकडं कुणाची बोली मला येत नव्हती. ह्ये दिवसभर भट्टीवर. पोरगी माझ्याकडं बघायची न्हाई. दाराकडं तोंड करून बसायची, बनाई कवा यील म्हणायची. मग मी ती दोरी घेऊन बसायची. सोडून बघायची, बांधून बघायची. लय दिवस लागलं. तुमी म्हणाला हुता ना, मेंढरं हसत्यात."

"तूबी हसलीस की तवा."

"हसले. न्हाईतर काय करणार?"

खिडकीबाहेर शेरडं सुटायला धडपडत होती. बनुबाईनं त्यांच्याकडं बघितलं.

"माप तू बांधलंस?"

"व्हय. स्वप्नालीकडं तुमच्या कामाचा फोटो बघितला. इचारलं कुठलं, तर म्हणाली म्हसवडच्या एक मावशी. नाव इचारायची गरजच न्हवती."

"शेपूट उलटं खवलंयस."

"उलटं?"

"उजवीकडनं खवायचं. तू डावीकडनं खवलंस."

"सोडलेल्यावरनं शिकले ना," संयोगिता म्हणाली. "उलटंच येणार."

बनुबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पत्रिका का न्हाई धाडलीस?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत तिनं हा प्रश्न पोरीला विचारला होता, नाथाजीला विचारला होता, देवाला विचारला होता. हिला विचारायचं डोक्यात आलं नव्हतं.

"तुमच्या नावाची लिवलीया. कपाटात हाय." मग संयोगिताचा आवाज जरा बसला. "आक्का, तिला तुमी आठवत न्हाईसा. मी सांगून बघितलं. फोटो न्हाई, काय न्हाई. ती म्हणती, कोण बनाई? तुमी मांडवात आला असता, ती पाया पडून फुडं गेली असती, जशी हजार जणींच्या पडती तशी. ते मला बघवलं नसतं."

"तुला का बघवना?"

"सहा म्हैनं माझ्याशी तशीच परक्यावानी वागत हुती ती. मला ठावं हाय कसं असतंय." मागं वाजंत्री पुन्हा चढली. "एक दिवस सकाळी उठली आन् तुमचं नाव काढलं न्हाई. मी वाटच बघत हुते त्या दिवसाची. वाटलं, आता बरं वाटंल. न्हाई वाटलं. त्या खोलीत तुमची आठवण काढणारी मग एकटी मीच ऱ्हायले."

बाहेरून कुणीतरी दार ठोठावत 'मम्मी' म्हणून हाक मारली. "आले, आले," संयोगिता म्हणाली, आणि घाईनं फोनकडं वळली. "उद्या बाराला अक्षता हायत. सकाळी सातची तासगाव गाडी म्हसवडला थांबती. माझ्यासाठी या म्हणते, तिच्यासाठी न्हवं. बघा."

"शेरडं हायत मागं," बनुबाई म्हणाली.

"व्हय," संयोगिता म्हणाली. "बघा."

फोन बंद झाला. बनुबाई खिडकीतच उभी राहिली. वास्तविक तिला बोलावणं आलं होतं. महिनाभर जे मागितलं ते मिळालं होतं. फक्त ज्या दारातून यायचं त्या दारातून आलं नव्हतं. पोर गेली होती, आजच गेली होती, आणि अठरा वर्षं ती गेलेली नाही असं धरून सारवलेलं अंगण तसंच रिकामं होतं.

धोंडुबाई आली. दारात उभं राहून तिनं बनुबाईचं तोंड बघितलं आणि नेहमीचा प्रश्न गिळला. दुसरा विचारला.

"कुणाचा फोन?"

"जावंचा."

"कुठली जाऊ?"

"मला एकच हाय."

धोंडुबाई उंबऱ्यावर बसली. "उद्या मला बाजार न्हाई," मग ती शेरडांकडं बघत म्हणाली. "घरीच हाय मी."

बनुबाई उठली. तिनं फळीवरून मापाचे दोरे काढले. वरची गाठ अजून तशीच होती. एवढे दिवस तिनं ती सोडली नव्हती, मापं घेताना खालची टोकंच ओढून घेतली होती. आता तिनं डावीकडचं शेपूट ओढलं. गाठ सुटली. मग तिनं तोच दोरा भिंतीतल्या खिळ्याला घेतला आणि पुन्हा बांधला, संयोगिताच्या पद्धतीनं, उलटा. बोटं ऐकेनात. चाळीस वर्षं एका बाजूला वळलेली बोटं, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं.

तिनं दोऱ्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा हिसका दिला. मग अजून एक, जोरात. खिळ्याशेजारची माती झडली, गाठ आवळली.

"तुटंल की गं," धोंडुबाई म्हणाली.

"न्हाई तुटत," बनुबाई म्हणाली. "सातच्या गाडीला जागा मिळती का गं?"